उड्या मारणारी जेट-स्की आणि तपासणीची मजुरी

उभे राहून चालवायची जेट-स्की सपाट पाण्यावरही उड्या मारू लागली की मालक ती गॅरेजात आणतो, आणि गॅरेजवाला पहिल्याच दिवशी एखादा महाग सुटा भाग बदलायला सांगतो. भाग बदलला जातो, बिल भरले जाते, आणि यंत्र पाण्यात उतरताच पुन्हा तशाच उड्या मारते. मग दुसरा भाग आणि दुसरे बिल. दुबई-शारजाच्या किनाऱ्यावर अशी गॅरेजे आहेत आणि तेथे पाना धरणाऱ्यांमध्ये रत्नागिरी-रायगडकडील आपले तरुणही आहेत. म्हणून कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने या विषयावर लिहिले तर वाचक बांधवांनी नवल करू नये. दोष शोधण्याआधी माल विकण्याचा रोग तिथल्या गॅरेजात आहे तसाच आपल्या कापडबाजारातही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दोष शोधणे हे दुरुस्तीहून वेगळे काम आहे. त्याची मजुरी वेगळी ठरली पाहिजे, त्याचा निकाल कागदावर लिहून दिला गेला पाहिजे, आणि जुने यंत्र विकताना तो कागद ग्राहकाच्या हाती पडला पाहिजे. असे झाले तर ग्राहकाचे पैसे वाचतील, कारागिराची इज्जत वाढेल आणि विकणाऱ्याची कमाई साफ राहील. हे कसे, ते समजण्यासाठी आधी यंत्र समजून घेतले पाहिजे.

यंत्र आणि त्याची खोड

‘जेट-स्की’ हे मुळात कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारी नाव आहे. १९७३ साली या कंपनीने हे यंत्र बाजारात आणले ते उभे राहून चालवायचेच होते. बसून चालवायची, दोन-तीन माणसांची यंत्रे नंतर चालली. १९९० साली यामाहाने ‘सुपरजेट’ आणली. तिचे टू-स्ट्रोक मॉडेल २०२० पर्यंत निघत राहिले. कावासाकीने आपले ८०० सीसीचे टू-स्ट्रोक मॉडेल २०११ नंतर बंद केले आणि २०१७ सालचे मॉडेल म्हणून १४९८ सीसीची, सुमारे २५० किलो वजनाची फोर-स्ट्रोक ‘एसएक्स-आर’ काढली. या दोन कंपन्यांची हलकी टू-स्ट्रोक यंत्रे आता नवी निघत नाहीत, म्हणून शौकीन लोक जुनीच शोधतात. एकेक यंत्र तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाते, आणि प्रत्येक मालक त्यात काही ना काही फेरफार करून पुढे सरकवतो. दोष शोधणे अवघड होते ते यामुळे.

वेग वाढला की ही होडी पाणी कापत चालत नाही, पाण्यावर चढून घसरते. अशा वेळी ती तळाच्या मागच्या थोड्याशा भागावरच टेकलेली असते. पाणी तिला जेथे उचलते ती जागा, तिचा आणि स्वाराचा मिळून भार जेथे पडतो ती जागा, आणि पंपाचा झोत तिला ज्या रेषेत ढकलतो ती रेषा, या तिन्हींचा मेळ बसला तर ती सरळ चालते. भार फार मागे गेला, किंवा तळ मागच्या टोकाला वर वळलेला असला, तर नाळ वर उठते. (आपले नाखवा होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, तोच शब्द येथे वापरतो.) फार वर उठली की टेकू सुटतो आणि नाळ खाली आपटते. आपटली की पाणी तिला पुन्हा वर फेकते. हा झोका आपोआप चालू राहतो. पॉर्पॉइझ नावाचा डॉल्फिनसारखा जलचर पाण्यात असाच वरखाली होत जातो, म्हणून इंग्रजीत या खोडीला ‘पॉर्पॉइझिंग’ म्हणतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उडी नाळेजवळ दिसते, पण कारण बहुधा मागे असते, आणि पुष्कळदा ते इंजिनात नसतेच.

तपासणीचा क्रम

जाणता कारागीर आधी फुकटच्या गोष्टी पाहतो, मग पान्याच्या, मग सामानाच्या, आणि शेवटी पैशाच्या. हा क्रम मी जाणकारांकडून समजून घेतला तसा देतो. एक ताकीद आधीच देतो. पंपात किंवा जाळीत हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, मनगटाची सुरक्षा-दोरी काढलेली आणि बॅटरीची तार सुटी असली पाहिजे. बोटे गेली तर कोणत्याही गॅरेजात बसवून मिळत नाहीत.

१. उडी कोणत्या जातीची? लाटा नसलेल्या पाण्यात, एकाच वेगाने चालवून पाहावे. फक्त लाटांवरच उडत असेल तर तो समुद्राचा स्वभाव आहे, यंत्राचा दोष नाही. सपाट पाण्यावर ठराविक तालात नाळ वरखाली होत असेल तर तो खरा झोका. त्यात कान उघडे ठेवावेत. इंजिनाचा आवाज आधी चढतो-उतरतो आणि मग नाळ हलते, की नाळ आधी उठते आणि मग आवाज बदलतो? आवाज आधी बदलत असेल तर पंप हवा ओढतो आहे किंवा इंजिनाला पेट्रोल नीट मिळत नाही. नाळ आधी उठत असेल तर दोष भाराचा किंवा तळाचा आहे. निम्मा निकाल येथेच लागतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

२. स्वार. नवशिका माणूस घाबरून मागे उभा राहतो, गुडघे ताठ ठेवतो आणि हॅन्डल ओढून धरतो. सारा भार शेपटीवर जातो. त्याला एक पाऊल पुढे सरकवावे, गुडघे वाकवायला आणि अंग पुढे झुकवायला सांगावे. तेच यंत्र एखाद्या जुन्या स्वाराला चालवायला द्यावे. त्याच्या पायाखाली ते सरळ चालले तर यंत्र निर्दोष आहे.

३. पोटातले पाणी. थोडे चालवून यंत्र किनाऱ्यावर घ्यावे, वरचे झाकण काढून आत पाहावे. आत साठलेले पाणी नाळ उठली की मागे धावते, आणि झोका वाढवते. पाणी दिसले तर ते नुसते उपसून थांबू नये, आले कुठून ते शोधावे. शाफ्टचे सील, एक्झॉस्टचा पाईप, झाकणाचे रबर या तीन जागा आधी पाहाव्यात.

४. भिजलेला फोम. या यंत्रांच्या पोटात तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी लागून तो स्पंजासारखा भिजतो आणि मग सुकत नाही. यावर उपाय साधा आहे. पाणी व पेट्रोल काढून यंत्र काट्यावर ठेवावे आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. शेवटच्या टू-स्ट्रोक सुपरजेटचे कोरडे वजन सुमारे १३९ किलो. त्यावर वीस-पंचवीस किलो चढले आणि बसवलेल्या जादा सामानाने हिशेब जुळला नाही, तर बाकीचे पाणीच समजावे. भिजलेला फोम कापून काढावा लागतो, जागा सुकवावी लागते आणि पाणी न पिणारा फोम पुन्हा भरावा लागतो. ती जागा रिकामी ठेवणारे कारागीर आहेत, पण ते चुकीचे आहे. यंत्र उलटून आत पाणी भरले तर तोच फोम त्याला तरंगत ठेवतो.

५. तळ आणि राईड प्लेट. पंपाखाली जी धातूची पट्टी असते ती राईड प्लेट. यंत्र घसरते ते तिच्यावरच. तिचे बोल्ट घट्ट आहेत का, वाळूवरून किंवा उतारावरून ओढून ती वाकली आहे का, हे पाहावे. मग लांब सरळ पट्टी घेऊन तळाच्या मागच्या भागावर पुढून मागे टेकवावी. मागचे टोक वर वळलेले दिसले तर नाळ उठणारच. टोक खाली वळलेले असेल तर नाळ दबते. काही जण वॉशर घालून प्लेटचा कोन बदलतात. थोडे बदलल्याने फायदा होतोही, पण फार बदलला तर नाळ पाण्यात खुपसते, वेग मरतो आणि वळताना स्वार पुढे फेकला जाऊ शकतो. तळाला पूर्वी फायबरचे ठिगळ मारलेले असेल तर त्याचा उंचवटा किंवा खड्डाही पाहावा.

६. जाळी, सील आणि नोझल. पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यात प्लास्टिक, दोरा, शेवाळ अडकते. पंप आणि तळ यांच्यामधले सील फाटले तर तेथून हवा शिरते. मग पंपाची पकड क्षणात सुटते, क्षणात बसते, आणि स्वाराला ती उडीच वाटते. नोझल वरच्या दिशेला झुकलेले किंवा दुसऱ्या मॉडेलचे बसवलेले असेल तर झोताचा मारा नाळ वर उचलतो.

७. एवढे सगळे ठीक निघाले तरच इम्पेलर, कार्बुरेटर, लांब राईड प्लेट, बाजूचे स्पॉन्सन यांचा विचार करावा. इंजिनाची ताकद बाहेरून वाढवली असेल तर त्या तळाला पेलणार नाही इतका वेग येतो, आणि तेव्हा लांब प्लेट खरोखरच उपयोगी पडते. हॅन्डलच्या दांड्याच्या सांध्यातील बुश झिजले असतील तर फक्त हात वरखाली होतो, होडी नव्हे. त्यात गल्लत करू नये.

तीन बिले आणि एक काटा

माझ्या नात्यातल्या एका मुलाने दोन भागीदारांसह शारजात एक जुनी जेट-स्की घेतली. ती उड्या मारत होती. एका गॅरेजने इम्पेलर बदलला. मग कार्बुरेटर खोलून भरला. तिसऱ्या खेपेला नवी राईड प्लेट बसवली. उड्या कमी झाल्या नाहीत. शेवटी शेजारच्या गाळ्यातील एका वयस्कर उस्तादांनी ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. वजन तीस किलोने जास्त भरले. आतला फोम भिजलेला निघाला, आणि एका कोपऱ्यात तो पूर्वी कापून पुन्हा बुजवल्याची खूणही दिसली. म्हणजे यापूर्वी कोणाला तरी हा दोष ठाऊक होता.

पण मला या हकिकतीत दुसरीच गोष्ट लागली. उस्तादांना द्यायचे किती, हे कोणालाच कळेना. तीन चुकीच्या कामांची तीन छापील बिले होती. बरोबर निदानाला मात्र बिलबुकात रकानाच नव्हता. चहा पाजून आणि आभार मानून मुले परतली. ज्याने काही विकले नाही त्याला काही मिळाले नाही. ज्या गॅरेजची कमाई फक्त सुट्या भागांवर आहे, तेथे दोष नेहमी सुट्या भागातच सापडेल. यात एखाद्या गॅरेजवाल्याच्या नियतीचा प्रश्न कमी आहे. कमाईचा रस्ताच असा आखला आहे की प्रामाणिक माणूस उपाशी राहतो.

कापडवाल्यांना हे नवे नाही. ग्रे कापडात आडवी पट्टी आली की लूमवाला सुताला दोष देतो, सूतवाला लूमला, आणि प्रोसेसवाला दोघांना. जाणता जॉबर वाद घालत नाही, तो पट्टी मोजतो. ती ठराविक अंतराने येत असेल तर लूमच्या फिरणाऱ्या एखाद्या चाकात दोष आहे. कशीही येत असेल तर सूत आणि कामगाराचा हात पाहावा. दहा मिनिटांच्या या कामाने हजारो मीटर माल वाचतो. पण त्या जॉबरला दहा मिनिटांचे किती मिळतात? भिवंडीत असो, मालेगावात असो, उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा येईल की ‘एक पाऊल पुढे उभे राहा’ एवढे सांगण्याचे पैसे ग्राहक देणार नाही. देईल, पण रक्कम आधी सांगितली असेल तर. गाळ्यावर पाटी लावावी: तपासणी इतके, दुरुस्ती वेगळी. हकीमाची फी दवा घेतली नाही तरी द्यावी लागते, हे आपल्या लोकांना समजते.

काही म्हणतील, तपासणीची रक्कम पुढे दुरुस्तीच्या बिलातून वजा करावी म्हणजे ग्राहक खूष. मला हे मान्य नाही. वजा करण्याची सवय लागली की तपासणाऱ्याला पुन्हा दुरुस्ती काढण्याची ओढ लागते, आणि आपण होतो तेथेच येतो. ‘यंत्रात काही दोष नाही’ असे सांगणाऱ्यालाही पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. तरच तो तसे सांगू शकेल.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. परदेशात पगारावर काम करणारा मुलगा मालकाच्या हुकुमाबाहेर कसा जाईल? त्याचा व्हिसा, त्याचे घरभाडे, गावाकडची बहिणीची शादी, सगळे त्या नोकरीवर आहे. त्याने मालकाशी भांडावे असे मी म्हणत नाही. पण जॉबकार्डावर आपण जे पाहिले ते लिहिणे आणि जे पाहिले नाही ते न लिहिणे, एवढे त्याच्या हातात आहे. ‘वजन केले, इतके भरले. प्लेटला पट्टी लावली, सरळ आहे. सील फाटलेले आहे.’ अशा चार ओळी लिहिणारा कारागीर मालकालाही हळूहळू हवासा वाटतो, कारण त्याच्या हातची कामे परत येत नाहीत. आणि उद्या स्वतःचा गाळा टाकला तर ग्राहक त्याचेच नाव विचारत येईल.

ऐब लपवून विकणे

आता व्यापारी बांधवांशी दोन शब्द. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओलावा लागला, ही हदीस आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ओला माल वर ठेवायचा, म्हणजे लोकांना दिसेल, अशी ताकीद त्या विक्रेत्याला मिळाली, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असेही सुनावले गेले. भिजलेला फोम पोटात ठेवून वर ताजा रंग मारलेली जेट-स्की हा त्याच धान्याचा ढीग आहे. फरक इतकाच की येथे ग्राहकाच्या पैशाबरोबर त्याचा जीवही पाण्यावर असतो.

फिक्हमध्ये खरेदीदाराला ‘खियारे ऐब’ आहे, म्हणजे सौद्याच्या आधीचा लपलेला दोष नंतर निघाला तर माल परत करण्याचा हक्क. ‘जसे आहे तसे घ्या, नंतर आमची जबाबदारी नाही’ अशी अट घालून विकण्याबाबत फुकहांमध्ये मतभेद आहेत. त्याचा तपशील आपापल्या मस्लकच्या आलिमांना विचारावा. परंतु माहीत असलेला दोष जाणूनबुजून लपवण्याबाबत मतभेद नाही. म्हणून जुने यंत्र विकणाऱ्याने वजन, तळाची स्थिती, पूर्वी केलेली दुरुस्ती आणि केलेले फेरफार एका कागदावर लिहून द्यावेत. किंमत थोडी कमी येईल, पण सौदा पक्का राहील. खरेदी करणाऱ्यानेही काट्याशिवाय आणि पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय रक्कम मोजू नये. भागीदारीत पैसा घालणाऱ्यांनी तर हे लेखी मागावेच, कारण तो पैसा पुष्कळदा आईच्या दागिन्यांतून किंवा भावाच्या गल्ल्यातून आलेला असतो.

कोकणासाठी

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी चालतात ती बहुतेक बसून चालवायची यंत्रे. त्यांचे नियम वेगळे नाहीत. मागच्या सीटवर जड माणूस, पोटात पाणी, वाकलेली प्लेट, फाटलेले सील, कारणे तीच. तेथे तर मागे बसलेला पर्यटक पोहणारा असेलच असे नाही. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. ते महिने ताडपत्री टाकून वाया घालवू नयेत. प्रत्येक यंत्र काट्यावर चढवावे, तळाला पट्टी लावावी आणि वही ठेवावी. शाळेत फार न शिकलेला पण हाताने हुशार असा मुलगा हे काम उत्तम करू शकतो.

आपल्या संस्थांनीही इकडे पाहावे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासून आहे. समुद्रात चालणाऱ्या लहान इंजिनांचा आणि पंपांचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम अशा संस्थांनी कोकणातील अंजुमनांच्या मदतीने सुरू केला तर आखातात जाणारा मुलगा हेल्पर म्हणून न जाता कारागीर म्हणून जाईल. त्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा दोष शोधण्याचा असावा आणि दुसरा तो लिहून देण्याचा. भाग बदलणे मागाहून कोणीही शिकेल.

वाचक बांधवांपैकी ज्यांचे गाळे आहेत, मग ते जेट-स्कीचे असोत, शिलाई मशीनचे असोत वा लूमचे, त्यांनी येत्या महिन्यापासून बिलबुकात ‘तपासणी’ हा एक रकाना छापून घ्यावा, ही विनंती. छपाईचा खर्च थोडा आहे. अल्लाह आपल्या हातांना हुनर, जिभेला सच्चाई आणि कमाईला बरकत देवो. आमीन.